चाई म्हणजे केसांचा किडा नव्हे
‘चाईत किडा केस खातो, लसूण चोळा’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. चाई म्हणजे गोल चट्ट्यांत केस गळण्याचा आजार; त्यात शरीराच्याच संरक्षक पेशी केसांच्या मुळांवर उलटतात. मुळं मरत नाहीत, म्हणून केस बहुधा परत येतात, अनेकदा आधी पांढरे. चट्टा गुळगुळीत असतो, कडेचे आखूड केस बुडाशी बारीक, नखांवर कधी टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. लसणाने कातडी भाजू शकते! मुलांच्या डोक्यात पापुद्रे आणि तुटके केस दिसले तर बहुधा नायटा. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. पण चट्टा खपलीचा, मध्ये व्रणासारखा पांढुरका, कानाच्या खळग्यातही डाग असतील, तर डिस्कॉइड ल्युपस या व्रण पाडणाऱ्या त्वचारोगाची शंका घ्यावी. त्यात मुळं कायमची जातात, त्वचातज्ज्ञाकडे लगेच जा.