मूल वाचनात मागे का पडतंय? हाताकडे बघू नका

डावखुरं मूल वाचताना अडखळलं की मोठ्यांचं निदान तयारच असतं. "डाव्या हाताने लिहितो ना, म्हणून!" हे ऐकलं की जीव तुटतो माझा. कारण त्यानंतर खरं कारण शोधायला कुणी जातच नाही.

हा समज जुना आहे. १९२५ मध्ये अमेरिकी मेंदुतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन यांनी मांडलं, की मेंदूच्या एका बाजूचा वरचष्मा पक्का झाला नाही तर मूल अक्षरं उलटसुलट वाचतं. हाताचा डावे-उजवेपणा ते याच्याशीच जोडत. तो सिद्धांत पुढे टिकला नाही. त्यांच्या आणि शिक्षणतज्ज्ञ ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून आलेली शिकवण्याची पद्धत मात्र आजही वापरतात, आणि तिचा सगळा भर अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यावर आहे.

डावखुऱ्यांचा मेंदू 'उलटा' असतो, हेही खोटं. सुमारे ७० टक्के डावखुऱ्यांमध्ये भाषेचं काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूलाच चालतं, उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांसारखंच. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन शिकायला जड जाणं, असलेल्यांत डावखुऱ्यांचं प्रमाण काही अभ्यासांत किंचित जास्त दिसतं, काहींत दिसतच नाही. पण दहात एखादाच डावखुरा असतो, म्हणजे वाचायला झगडणारी बहुतेक मुलं उजव्या हातानेच लिहितात! त्यांच्या हाताला कुणी बोल लावत नाही.

३ आणि ६ ची अदलाबदल सहा-सात वर्षांपर्यंतची कितीतरी मुलं करतात, हात कुठलाही असो.

बघायचंच असेल तर कान बघा. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं, हे मुलाला सांगता येतं का? 'पाट' आणि 'पाठ' वेगळे ऐकू येतात का? शब्दातले आवाज सुटे करता येत नसतील, तर वाचनाची अडचण बहुधा तिथे आहे. आणि त्यावर लवकर काम केलं तर फरक पडतो.

डाव्या हाताची अडचण असते ती लिहिताना. लिहिलेलं हाताखाली झाकलं जातं, शाई पुसटते, मनगट वाकडं होतं. वहीचा वरचा भाग थोडा उजवीकडे कलवा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला शिकवा, बाकावर डाव्या बाजूला बसवा. एवढ्याने बरंच सोपं होतं. हात बदलायला लावू नका, कृपा करून. आणि मूल वाचनात खरंच मागे असेल, तर 'मोठं झालं की येईल' म्हणून वर्ष वाया घालवू नका, वाचनाचीच तपासणी करून घ्या.