लिहायचं, पण उच्चारायचं नाही!

दर डिक्टेशनला तेच! फ्रेंचमधलं 'पार्ले', म्हणजे बोलणे. अगदी नियमित क्रियापद. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात: चौघांचा उच्चार एकच, 'पार्ल'. लिहिताना मात्र 'तू'ला शेवटी एस हवा आणि 'ते'ला ई-एन-टी. कानावर यातलं एक अक्षर पडत नाही! सर्वनामावरून ओळखावं, तर 'इल' म्हणजे तो की ते, हेही ऐकून कळत नाही. आपल्याकडे नुसतं 'बोलतोस' म्हटलं तरी कर्ता कळतो हो! 'फिनीर', म्हणजे संपवणे, याचं निदान अनेकवचनात 'फिनिस' असं वेगळं ऐकू येतं, तेवढाच दिलासा. आणि क्लासात क्रियापदांच्या रूपांचे हे तक्ते मोठ्याने घोकून घेतात! जे ऐकूच येत नाही ते घोकून काय उपयोग? लिहून घ्या ना, रोज, वाक्यांत!