विनोद : दोन गुण

सोलापुरात मधल्या सुट्टीनंतरचा तास म्हणजे मास्तराची सत्त्वपरीक्षा. पोरांच्या पोटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, डोक्यावर तापलेले पत्रे, आणि पंखा फिरतो तो निव्वळ आपण अजून आहोत एवढं कळवायला. नेमक्या त्या तासाला माझ्या वाट्याला नववी ‘ब’ आणि ‘साहित्यातील विनोद’ आला. वर्गातलं हसू बंद करण्यात माझी बावीस वर्षं गेलेली. आता ‘हसा’ म्हणायचं, तेही पोर्शन संपवायचाय म्हणून!

सुरुवात थोरामोठ्यांपासून केली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे मराठी विनोदाचे जनक, पेशानं वकील, हे पोरांनी निमूट उतरवून घेतलं. राम गणेश गडकरी कवितेला ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदाला ‘बाळकराम’ नाव लावायचे, म्हटल्यावर तिसऱ्या बाकावरून आवाज आला, “सर, मग आधार कार्ड कुठल्या नावावर?”

“गप्प बस,” मी म्हणालो. “विनोद शिकवतोय.”

मग अतिशयोक्ती. ‘दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं.’ आजी हे म्हणायची तेव्हा आम्ही गडाबडा लोळायचो. मी आजीचाच सूर लावला. वर्ग ढिम्म.

“सर, दमडी म्हणजे?”

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि दमडी म्हणजे त्या पैशाचाही तुकडा, अशी उतरंड फळ्यावर रचली. १९५७ साली दशमान नाणी आली, तेही सांगून टाकलं. “सर, तेल कुठलं? करडईचं का शेंगाचं?” मग मामंजी कोण, तर सासरे. लांडोर म्हणजे काय, तर मोराची मादी. तेलाचा ओघळ वेशीपर्यंत पोचायच्या आत घंटा झाली. त्यातून उंट पोहून जायचा होता, तो अजून काठावरच उभा आहे.

दुसऱ्या दिवशी मुलांनाच उदाहरणं विचारली. एक जण उभा राहिला. “सर, आमच्या नळाला रोज पाणी येतं.” वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी ‘अतिशयोक्ती चालू आहे’ म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

आमच्या वर्गाची आणखी एक गंमत. निम्म्या घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड, दोन-तीन घरांत उर्दू. मी मराठीत विनोद सांगतो तेव्हा कोणी हसत नाही. मग पुढच्या बाकावरचा तो तेलुगूत मागच्याला सांगतो आणि मागे हशा पिकतो. तो नक्की काय सांगतो हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

श्लेषाला मी तयारीनं गेलो. ‘मित्राच्या उदयाने कोणाला आनंद होत नाही?’ मित्र म्हणजे सवंगडी आणि मित्र म्हणजे सूर्यसुद्धा! असं म्हणून हात पसरून थांबलो. ज्या गावात उन्हाळ्यात पारा ४२च्या खाली यायला कां कूं करतो, तिथं हे उदाहरण घेऊन जाणारा माणूस शहाणा नव्हे. “सर,” एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, “आमच्यात त्याला मित्र म्हणत नाहीत.”

मी हार मानून पुढचा उतारा वाचायला घेतला. ‘पोलीस तीन दिवस चोराच्या मागावर होते.’

“सर, माझे पप्पापण रात्रपाळीला मागावरच असतात,” शेवटच्या बाकावरून आलं. “पोलिसांना मजुरी किती पडते?”

ज्यांच्या घरात टॉवेल-चादरींच्या मागांवर चूल पेटते त्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. कोणी बाकावर डोकं ठेवून हसलं, कोणी “काय बे तू!” म्हणत त्याच्या पाठीत धपाटा घातला. माझीही मिशी थरथरली. पण बावीस वर्षांची सवय. मी डस्टर आपटलं, “थांबा! हाच श्लेष!” म्हणालो, आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. माग – अर्थ एक, माग – अर्थ दोन. वीज गेल्यावर कारखान्यातली खडखड जशी तुटते, तसं हसू जागच्या जागी तुटलं. सगळ्यांनी वह्या उघडल्या.

वार्षिक परीक्षेत प्रश्न होता : ‘विनोद म्हणजे काय ते सांगा. (२ गुण)’ बाकी गठ्ठ्यात ‘विसंगतीतून विनोद निर्माण होतो’ हे एकच वाक्य रांगेनं उभं होतं. शेवटच्या बाकावरच्यानं लिहिलं होतं : ‘विनोद झाला की सगळे हसतात. मग सर त्याचं नाव फळ्यावर लिहितात. मग कोणी हसत नाही. याला श्लेश म्हणतात.’

रात्री साडेअकराला मी एकटाच खो खो हसलो. स्वयंपाकघरातून विचारणा झाली, “काय झालं हो?”

“अगं, त्याचं असं आहे, माग या शब्दाचे दोन अर्थ...”

“राहू द्या,” ती म्हणाली आणि दिवा घालवला.

त्याला दीड गुण दिले. अर्धा कापला. ‘श्लेष’मधला ष पोटफोड्या.