स्क्रीन फुटली म्हणजे लॅपटॉप मेला नाही हो!

दर वेळी तेच. कुणाची तरी स्क्रीन फुटते आणि लगेच सल्ला, आता नवीनच घे. अरे का? आतला मदरबोर्ड, डिस्क, रॅम सगळं धडधाकट आहे, फक्त समोरची काच गेलीय! घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावा आणि बघा, सगळं चालू दिसेल, डेटा पण जागेवर. जिथल्या तिथे बसून काम करणाऱ्याचं तर एखाद्या जुन्या सेकंडहॅण्ड मॉनिटरवर वर्षानुवर्षं भागतं.

आणि माझ्या लॅपटॉपच्या वेळी तर रिपेअरवाल्याने सरळ सांगितलं की वरचं अख्खं झाकणच बदलावं लागेल, बिजागरी वेबकॅम सगळ्यासकट, म्हणजे खर्च कितीतरी पट. टचस्क्रीनमध्ये काच नि पॅनल (चित्र दाखवणारा आतला पडदा) एकमेकांना चिकटवलेले असतात तिथे ते एकवेळ समजू शकतो, पण माझा साधा लॅपटॉप, त्यात नुसतं पॅनल बदलता येतं हे सांगायला काय जातं?? पॅनलच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो बघायचा, कनेक्टर (केबल जोडायची जागा) ३० पिनचा की ४० पिनचा, साइज, रिझोल्यूशन आणि स्क्रू लावायच्या पट्ट्या जुळवायच्या आणि तेवढंच मागवायचं. हां, केबल काढायच्या आधी बॅटरी डिस्कनेक्ट करायची, नाहीतर बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याचा, फ्यूज उडू शकतो.

आणि स्क्रीन न फुटता नुसती काळी पडली असेल तर आधी टॉर्च मारून बघा ना! अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलाय, कधी कधी नुसती केबल सैल असते. एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात, तेवढंही कुणी करत नाही याचाच संताप येतो.