‘टायमर बदलूनही ड्रायर बंदच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरचा टायमर आमच्या माणसाने बदलला, पंधरवड्यात ड्रायर परत बंद पडला, दुसऱ्या खेपेला पुन्हा व्हिजिटचे पैसे घेतले आणि ‘झाकणाचा स्विच डायरेक्ट करून द्या’ (म्हणजे स्विच वगळून वायरी थेट जोडा) म्हटल्यावर तो सरळ नाही म्हणाला. मग दुसऱ्या मेकॅनिकने पाच मिनिटांत डायरेक्ट करून दिलं. म्हणजे टायमर चांगलाच होता, आम्ही उगाच गळ्यात मारला, असं तुमचं म्हणणं.

ऐन पावसात ड्रायर बंद पडला की रत्नागिरीतल्या घरात काय होतं ते मला सांगायला नको. दोरीवर तीन-तीन दिवस कपडे, आणि वर तो कुबट वास. तुमचा वैताग समजतो. पण दोन वेळचे बिघाड वेगळे होते.

पहिल्या वेळी तुम्हीच फोनवर म्हणालात की ड्रायर थांबतच नाही, प्लग काढावा लागतो. नॉब २ वर येऊन अडकत होता. ड्रायरच्या या पाच मिनिटांच्या टायमरमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड वगैरे काही नसतं. आत स्प्रिंग, दातेरी चाकं आणि करंट जोडणारा-तोडणारा एक कॉन्टॅक्ट. आपण नॉब फिरवतो तेव्हा स्प्रिंगला चावी बसते आणि कॉन्टॅक्ट जुळतो. स्प्रिंग सुटत नॉब शून्यावर आला की कॉन्टॅक्ट तुटतो, ड्रायर थांबतो. चाकं मध्येच अडकली तर नॉब शून्यावर येणारच नाही आणि मोटर फिरतच राहील. तुमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. ओल्या हाताने नॉब फिरवला की साबणाचं पाणी नॉबच्या दांडीवाटे आत उतरतं. जुना टायमर आम्ही ठेवलाय, आतल्या चाकांवर पांढरा थर आणि गंज अजून दिसतो. दुकानात या, तुमच्यासमोर खोलतो. (जाता जाता, घाई असली तरी नॉब उलटा फिरवून शून्यावर आणू नका. टायमर त्यानेही जातो.)

दुसऱ्या वेळी टायमर टिकटिक करत वेळेवर शून्यावर येत होता, पण मोटर अगदी गप्प. इथेच बरेच जण फसतात. टिकटिक स्प्रिंगची असते, विजेशी तिचा संबंध नाही. मशीनचा प्लग काढलेला असला तरी टायमर टिकटिक करेल. म्हणून आमच्या माणसाने प्लग काढून टायमरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावला; वाट जोडलेली असली की तो बीप करतो. नॉब शून्यावर असताना बीप नाही, फिरवल्यावर बीप. म्हणजे नवा टायमर ठीक. कॅपॅसिटर (मोटर सुरू करून देणारा भाग) गेला असता किंवा ब्रेक जाम असता तर मोटर निदान गुरगुरली असती. आवाजच नाही म्हणजे करंट वाटेत कुठेतरी तुटतोय. तो झाकणाच्या स्विचपाशी तुटत होता. झाकण बंद झाल्यावर स्विच दाबणारं प्लास्टिकचं टोक बिजागरीजवळ मोडलं होतं. तुम्हाला तो तुकडा दाखवला होता.

आता डायरेक्टबद्दल. हो, काम पाच मिनिटांचं आहे. दोन वायरी पिळायच्या, टेप मारायची. पण तो स्विच उगाच बसवलेला नसतो. ड्रायरचा टब मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतो. झाकण उघडलं की स्विचने करंट तुटतो आणि ब्रेक लागतो. डायरेक्ट केल्यावर झाकण उघडलं तरी मोटरचा करंट चालूच. तुमचा छोटा मुलगा स्टूलवर चढून मशीनमध्ये डोकावत होता, आमच्या माणसाने पाहिलं. गिऱ्हाईक नाराज झालं तरी हे काम आम्ही करत नाही, आणि त्याने नाही म्हटलं ते मला पटलेलं आहे.

पैशांचं सांगतो. टायमरला सहा महिन्यांची वॉरंटी आहे. बिघाड त्यात असता तर दुसऱ्या खेपेला एक रुपयाही घेतला नसता. तो झाकणात निघाला, म्हणून व्हिजिटचे २५० परत करणार नाही. टायमर ऑनलाइन स्वस्त मिळतो हे खरं, पण दांडीचा आकार आणि वायरींची संख्या मॉडेलप्रमाणे बदलते. चुकीचे मागवलेले टायमर घेऊन लोक आमच्याकडेच येतात.

झाकणाचा स्विच आणि ते टोक मात्र सामानाच्या किमतीत बसवून देतो, मजुरी आणि व्हिजिट नको. फोन करा, माणूस येईल. तोवर कपडे काढण्याआधी प्लग काढा, टब पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालू नका आणि मुलाला मशीनजवळ एकटं सोडू नका.