अठरा मीटरांची न्हाणी

दापोली तालुक्यातल्या आमच्या घराची जुनी न्हाणी, संडासासकट, ओटीपासून एकोणचाळीस पावलांवर आहे. मे महिन्यात ही एकोणचाळीस पावलं म्हणजे सहल. जुलैत, रात्री दोन वाजता, ती एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅटरी आणि मनात फुरसं घेऊन चालायची असतात. फुरसं हा काय विषारी साप असतो हे ज्यांना माहीत नाही त्यांनी तसंच सुखात राहावं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी "आता कमोडच लागेल" असं सांगितलं, तेव्हा मी डोंबिवलीकराच्या भाबडेपणानं म्हणालो, "त्यात काय! मागच्या पडवीला चिकटून बांधून टाकू. गाव आहे, इथे कोण विचारतंय?"

ओटीवर काका बसले होते. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासात, शहराच्या हद्दीबाहेर एका लहानशा काउंटीत राहतो. त्याला फोन लावला, तर म्हणाला, "मामा, इकडे हद्दीबाहेर घर कसं बांधायचं यात कुणी फारसं डोकं घालत नाही."

"आणि संडास?"

तो जरा थांबला. "त्यात घालतात. सेप्टिक टँकला परवाना लागतो. सांडपाणी मुरतं ती जागा विहिरीपासून शंभर फूट लांब हवी. पण दहा एकरांची जागा आणि त्यात एकच घर असेल, तर परवान्यातून सूट असते."

आमची जागा अकरा गुंठे. सातबाऱ्यावर नावं एकतीस. माणशी चारशे चौरस फूटही येत नाहीत. मी फोन ठेवला.

कागदाची बाजू आता सोपी झाली आहे, हे मात्र कबूल करायला हवं. २०२१ साली सरकारनं जाहीर केलं की गावात सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी नगररचनाकाराच्या दारात जायला नको. मालकीचे कागद, नकाशा आणि अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्या, शुल्क भरा, झालं. माझी न्हाणी तीस चौरस फुटांची. उरलेल्या पंधराशे सत्तर फुटांची मोकळीक उपभोगत मी ग्रामपंचायतीत शिरलो आणि 'मालकीचे कागद' या दोन शब्दांवर आपटलो. एकतिसांपैकी अकरा जण वारस न नोंदवताच देवाघरी गेलेले. एक मस्कतला. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे एकाची सही असलेल्या कागदावर दुसरा सही करेना; दोघांसाठी वेगळे कागद केले. आणि एक गोदावरी. ही गोदावरी कोण, हे आईला माहीत नाही, काकांना माहीत नाही, पण अकरा गुंठ्यांत तिचा हिस्सा आहे.

संमतिपत्रं गोळा करण्यात एका दिवाळीची दुसरी दिवाळी झाली. तेवढ्यात, २०२४ मध्ये, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला आणि तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी. माझ्या अर्जावर जुनी पदनामं होती. अर्ज पुन्हा लिहिला. काका दोघांनाही पहिल्यापासून 'भाऊसाहेब' म्हणतात, त्यामुळे त्यांचं काहीच अडलं नाही.

मग तालुक्याहून अभियंता आला. वयानं माझ्या मुलाएवढा. त्याला काढायचा होता फक्त न्हाणीचा नकाशा, पण आमचं घर बघून त्याच्यातला विद्यार्थी जागा झाला. राष्ट्रीय इमारत संहिता त्याला तोंडपाठ. राहत्या खोलीची उंची पावणेतीन मीटर हवी. आमच्या माजघराची तुळई माझ्या कपाळाला नावानिशी ओळखते. उष्ण-दमट हवेत झडपा-खिडक्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश हव्यात. माजघराला एक झरोका आहे, तोही मांजरानं वहिवाटीनं मिळवलेला. पोरगा टेप गुंडाळत म्हणाला, "या घराला आज परवानगी मिळणार नाही."

"मग काय, पाडतोस?" काका ओटीवरून म्हणाले. "शंभर वर्षं उभं आहे, परवानगी न घेता."

हे अगदीच खरं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा घर उभं राहिलं, छप्पर राहिलं नाही. अर्धी कौलं परसात आणि शेजाऱ्याचा एक अख्खा पत्रा आमच्या विहिरीत. आहे त्याच उंचीवर कौलं पुन्हा चढवणं म्हणजे दुरुस्ती, त्याला परवानगी लागली नाही. गावात बिनपरवान्याची एवढी एकच गोष्ट मला सापडली, आणि तेव्हा कौलंच मिळत नव्हती.

"शोषखड्डा कुठे मारणार?" पोरानं विचारलं.

इथून खरी कथा सुरू झाली. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान अठरा मीटर लांब हवा. आमच्या जागेत विहिरी दोन, एक आमची, एक काकांची, आणि जागा अकरा गुंठे.

"माप कठड्यापासून की पाण्यापासून?" काका.

"कठड्यापासून."

"का? घाण काय कठड्यावरून उडी मारून जाणार आहे?"

मोजणी सुरू झाली. काकांच्या विहिरीकडचं टेपचं टोक काकांनी धरलं, अंतर भरलं सतरा मीटर. मी धरलं, तर अठरा. पोरानं दोघांकडे पाहिलं आणि टोक आईच्या हातात दिलं. आई कठड्याला टेकून, वॉकर बाजूला ठेवून, निष्पक्षपणे उभी राहिली. साडेसतरा.

दोन्ही विहिरींपासून अठरा-अठरा मीटर सोडले तर उरला फक्त फणस. कापा फणस, आजोबांनी लावलेला. फणस हे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं झाड. स्वतःच्या आवारातला असला तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाही. "बरका असता तर विचार केला असता," काका म्हणाले. त्यांचा स्वतःचा एक कायदा आहे.

"आणि हे अठरा मीटर कशाला रे? आमचे वडील ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले. याच विहिरीचं पाणी, आणि जुना खड्डा बारा मीटरवर."

"त्यांना भावंडं किती होती?" पोरानं सहज विचारलं.

काका गप्प झाले. आठ होती. मोठी झाली तीन. जांभा म्हणजे दगडाच्या रूपातली चाळणी, वर ओतलेलं खाली कुठे निघेल सांगता येत नाही, हे पोरगा समजावत राहिला. त्या दिवशी काकांनी पुढे एकदाही टेपला नावं ठेवली नाहीत.

फक्त संध्याकाळी म्हणाले, "देवीला विचारू."

आमच्याकडे छपरावर असतं ते कौल आणि देवी देते तोही कौल. पहिल्यावाचून पावसाळा निघत नाही, दुसऱ्यावाचून कुदळ. गुरवानं मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की लेकराला फणसाच्या पूर्वेला खड्डा मारायचा आहे. एवढ्या सगळ्या प्रकरणात माझी बाजू इतक्या स्पष्ट मराठीत प्रथमच कुणीतरी मांडत होतं. डावी कळी पडली. नकार. गुरव अनुभवी माणूस. त्यानं न गडबडता प्रश्न बदलला. पश्चिमेला, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या अंगाला? उजवी पडली.

दुसऱ्या दिवशी पोरानं त्या जागेचं माप घेतलं, तर आमच्या विहिरीपासून अठरा मीटर वीस सेंटीमीटर, काकांच्या विहिरीपासून अठरा मीटर पाच. "बसतंय," तो म्हणाला, जरा खट्टू होऊन. काका माझ्याकडे वळले. "देवीनं टेप लावली नव्हती."

वाटलं, संपलं. पण पागोळी, म्हणजे छपराच्या कडेवरून पडणारी पावसाची धार, राहिली होती. न्हाणीच्या छपराचा उतार काकांच्या अंगणाकडे दाखवला होता, आणि पागोळीचं पाणी कुणाच्या हद्दीत पडतं यावर कोकणात आजवर जेवढे दावे झाले असतील तेवढी त्या छपराला कौलंही नसतील. "आज पाणी पडेल," काका म्हणाले, "वीस वर्षं पडलं की हक्क सांगाल." वीस वर्षांची मुदत कायद्यात खरोखरच आहे, १८८२ पासून. काका ब्याऐंशी वर्षांचे आहेत. नकाशा बदलला, उतार आमच्याकडे फिरवला, त्यामुळे सगळी पागोळी न्हाणीच्या मागच्या दारावर, नेमकी येणाऱ्याच्या मानेवर पडू लागली.

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्री पावणेतीनला मागचं दार वाजलं. उघडलं तर काका. डोक्यावर इरलं, हातात बॅटरी, आणि बरोबर पागोळीच्या धारेखाली उभे.

"आमच्या न्हाणीच्या उंबऱ्यावर फुरसं बसलंय," ते म्हणाले. "तुमचं ते... मोकळं आहे का?"

आतून आईचा आवाज आला, "या भावोजी. जरा अलीकडे सरकून उभे राहा, ती पागोळी आमची आहे."