‘पाच वर्षांचे तेल चौदा महिन्यांत खराब झाले’ या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आमच्या पेढीला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. आपले म्हणणे असे: पाच वर्षे टिकेल असे सांगून विकलेले थर्मिक फ्लुइड, म्हणजे हीटरमधली उष्णता यंत्रांपर्यंत वाहून नेणारे तेल, चौदा महिन्यांत खराब झाले. आपण करून घेतलेल्या तपासणीत त्यात पाणी निघाले, म्हणजे ते भेसळीचे होते. सिंथेटिक तेल द्यायला हवे असताना आम्ही स्वस्तातले खनिज तेल आपल्या गळ्यात मारले. आणि एवढे होऊनही जुने तेल परत घ्यायला नकार दिला. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण आपल्याच बॅचचा आमच्याकडे राखून ठेवलेला नमुना आणि आपल्या चालू प्लँटमधून घेतलेला नमुना एकाच प्रयोगशाळेत शेजारी शेजारी तपासून घ्यायचा होता. दोन्ही अहवाल आपल्याकडे पाठवले आहेत.

आधी आमची चूक सांगतो. ‘पाच वर्षे’ हे शब्द आमच्या प्रतिनिधीने खरोखरच उच्चारले होते. मी त्याला विचारून खात्री केली. तेलाचे आयुष्य बॅरलवर छापलेले नसते, ते प्लँट कसा चालतो यावर ठरते, त्यामुळे असा शब्द देण्याचा त्याला अधिकार नव्हता. त्याने पॅनेलवरचे २६० अंश पाहिले, त्या तापमानाला योग्य असे तेल सुचवले आणि ऑर्डर लिहून घेतली. वीज गेल्यावर तेल फिरवणारा आपला सर्क्युलेशन पंप कशावर चालतो, हे मात्र विचारले नाही. लाकूड किंवा ब्रिकेटवर हीटर चालवणाऱ्या प्रत्येक प्रोसेस हाउसला (कापडावर रंगाई वगैरे प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला) हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि आपल्या बाबतीत सारे काही तिथेच बिघडले आहे, असे माझे मत झाले आहे.

ते कशावरून, हे अहवालातल्या तीन आकड्यांवरून सांगता येते. राखीव नमुन्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योतीने पेट घेते) २०४ अंश सेल्सियस आहे, आपल्या नमुन्याचा १५२. चाळीस अंशांवरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा दाटपणा, ३१ सेंटिस्टोकवरून २४ वर आली आहे. आम्लता मात्र ०.०३ वरून जेमतेम ०.११ पर्यंत गेली आहे. तेल दोन वाटांनी मरते. एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेले तेल सामावणारी टाकी) गरम राहून तिथे हवेशी सतत संपर्क आला, तर तेल ऑक्सिडाइझ होते. मग आम्लता चढते, तेल दाट होते आणि स्ट्रेनरमध्ये, म्हणजे तेलाच्या गाळणीत, चिकट गाळ साठतो. उलट कॉइलच्या (भट्टीत तापणाऱ्या तेलाच्या नळीच्या) आतल्या पृष्ठभागाला लागून असलेला तेलाचा पातळ थर त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त तापला, तर तेलाचे रेणू तुटतात. हलके अंश तयार होऊन फ्लॅश पॉइंट आणि व्हिस्कॉसिटी खाली येतात, आणि मागे कडक, दाणेदार कार्बन उरतो. आपल्या स्ट्रेनरमधून आमच्या तंत्रज्ञाने जे काढले, ते हाताला रवाळ लागणारे काळे दाणे होते. ते तेल हवेने खराब झालेले नाही, करपलेले आहे.

ते करपले कसे, हे आपल्या हीटर ऑपरेटरने प्रामाणिकपणे सांगितले, आणि त्याबद्दल त्याला बोल लावू नये अशी माझी विनंती आहे. वीज गेली की जनरेटर आधी स्टेंटरच्या (कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्राच्या) ब्लोअरला जोडला जातो आणि पंपाचा स्विच हाताने टाकेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे जातात. गॅस किंवा डिझेलचा बर्नर बंद पडताच ज्योत जाते. घन इंधनाच्या भट्टीत मात्र जाळीवरचे निखारे आणि तापलेल्या विटा आपली उष्णता देतच राहतात. कॉइलमधले तेल जागच्या जागी उभे असते आणि ती सगळी उष्णता त्याच्याच अंगावर येते. पॅनेलवरचा काटा तेव्हाही २६० च्या आसपास दिसतो, कारण तो बाहेर पडणाऱ्या तेलाचे तापमान मोजतो, कॉइलच्या भिंतीलगतच्या थराचे नव्हे. मर्यादेच्या वर गेल्यावर प्रत्येक दहा अंशांमागे तेल तुटण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा या व्यवसायात ठोकताळा आहे. काम संपल्यावर पंप लगेच बंद करण्याची सवयही तितकीच घातक आहे. भट्टी विझवल्यानंतर तेल शंभर-एकशेवीस अंशांपर्यंत उतरेस्तोवर तो फिरतच राहिला पाहिजे.

पाण्याविषयी. आपण दिलेला नमुना एक्स्पान्शन टँकच्या तळाच्या ड्रेन व्हॉल्व्हमधून, थंड पेयाच्या बाटलीत घेतला होता. टँक थंड असतो, त्यात बाहेरच्या हवेतली वाफ जमते आणि पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. तिथला नमुना फिरत्या तेलाविषयी काहीच सांगत नाही. त्या अहवालात दाखवले आहे तेवढे पाणी मुख्य लाइनमध्ये असते, तर शंभर अंश ओलांडतानाच त्याची वाफ होऊन पंप खडखडला असता, दाबाचा काटा नाचला असता आणि आपला प्लँट २६० पर्यंत पोहोचलाच नसता. खरा नमुना चालू पंपावर, गरम लाइनमधून, छोट्या कूलरमधून थंड करून, कोरड्या डब्यात घ्यावा लागतो.

सिंथेटिक तेल न देण्याचा निर्णय आजही मला बरोबर वाटतो. डायफिनाइल ऑक्साइड आणि बायफिनाइलचे मिश्रण ४०० अंशांपर्यंत चालते, परंतु ते १२ अंशांवर गोठते आणि २५७ अंशांच्या पुढे दाबाखालीच ठेवावे लागते; ते रासायनिक कारखान्यांचे आणि आरशांवर चालणाऱ्या सौर वीज प्रकल्पांचे काम आहे. ३४५ अंशांपर्यंत चालणारी सिंथेटिक तेले आपल्या हीटरमध्ये भरता आली असती, पण ज्या प्लँटला २६० अंश पुरतात तिथे चांगले खनिज तेल पुरेसे असते. आणि पंप पंधरा मिनिटे बंद ठेवला, तर महागडे तेलही करपतेच. फक्त नुकसानीचा आकडा मोठा होतो.

जुने तेल आम्ही नाकारले, कारण २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि आमच्याकडे ते उचलण्याचा परवाना नाही. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) जायला हवे. हे त्या दिवशी फोनवर एका वाक्यात ‘जमणार नाही’ म्हणून संपवले गेले. तसे व्हायला नको होते.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ती सर्वांत तातडीची आहे. स्टेंटरजवळच्या दोन फ्लँजवरचे (नळ्यांच्या सांध्यांवरचे) ग्लासवूल तेलाने भिजलेले आहे. भिजलेल्या इन्सुलेशनमध्ये तेल आतल्या आत हळूहळू तापत जाते आणि ठिणगी न पडताही धुमसू लागते. फ्लॅश पॉइंट उतरलेला असताना तर ते तसेच ठेवणे धोक्याचे आहे. ते ग्लासवूल आजच काढून टाकावे आणि फ्लँजवर पुन्हा इन्सुलेशन घालू नये.

तपासणीचे घेतलेले पैसे आम्ही परत करत आहोत. सारे तेल बदलण्याची गरज मला दिसत नाही: हलके अंश नियंत्रित तापमानावर व्हेंटमधून बाहेर काढून, तेल गाळून, काही बॅरल नवीन भरता येतील, आणि त्या बॅरलची अर्धी किंमत आम्ही सोसू. मात्र त्याआधी कॉइल उघडून कार्बनचा थर पाहावा लागेल आणि पंप जनरेटरवर आपोआप चालू होण्याची सोय झालेली असावी लागेल, नाहीतर नवे तेलही त्याच वाटेने जाईल. आपल्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, प्लँट चालू असताना, मी स्वतः येतो. नमुना आपल्या माणसाच्या देखत घेऊ, एकाच वेळी दोन डबे भरू आणि दोन्हींवर दोघांच्या सह्या करू. एक डबा आपण आपल्या पसंतीच्या प्रयोगशाळेत पाठवावा.